मालदीवची छोटी सहल: व्हिसा आणि प्रवेशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या फोनवर मालदीवचे प्रश्न येऊ लागतात. ओळखीपाळखीतल्या लोकांचे प्रवासाचे कागद लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. त्यात एक गोष्ट सतत दिसते: ‘व्हिसा लागत नाही’ हे एकदा कानावर पडलं की लोक कागदांकडे पाहायचंच सोडून देतात. पण त्याचा अर्थ एवढाच, की व्हिसा घरून काढून न्यावा लागत नाही. आत सोडायचं की नाही हे राजधानी मालेच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि तो तुमच्या हातातले कागद पाहूनच ठरवतो.

उत्तरं भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना धरून दिली आहेत. घरात कोणाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल तर प्रश्न १८, १९ आणि २० नक्की वाचा.

१. मालदीवला जायला आपल्याला व्हिसा लागतो का? फी किती?

आधी काढावा लागत नाही आणि फीही नाही. मालेच्या वेलाना विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनच्या काउंटरवरच प्रवेश मिळतो. बहुतेक देशांच्या पर्यटकांना असे ३० दिवस मिळतात. भारतीयांना दोन्ही देशांमधल्या करारामुळे ९० दिवसांपर्यंत राहता येतं. चार-पाच रात्रींच्या सहलीला हे भरपूर झालं. पॅकेजच्या बिलात कोणी ‘व्हिसा चार्जेस’ लावले असतील तर ते कशाचे, हे सरळ विचारा.

२. मग विमानतळावर नेमकं काय काय दाखवायचं?

पासपोर्ट, परतीचं पक्कं तिकीट, राहण्याचं पक्कं बुकिंग आणि आयमुगा फॉर्मचा क्यूआर कोड (प्रश्न ४). मुक्कामाचा खर्च झेपेल इतके पैसे आहेत का, हेही विचारलं जाऊ शकतं. क्रेडिट कार्ड आणि थोडे डॉलर जवळ असले की त्याचं उत्तर देता येतं.

ही तपासणी तीन ठिकाणी होते. पहिली मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. प्रवाशाला पलीकडून परत पाठवलं तर त्याला आणायचं काम विमान कंपनीवर येतं, म्हणून तिथली माणसं सगळ्यात बारकाईने बघतात. दुसरी आपल्या इमिग्रेशनची, तिसरी मालेची. माझ्या अनुभवात अडचण बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी येते, आणि तेव्हा विमान सुटायला दोन-अडीच तास उरलेले असतात. म्हणून सगळे कागद छापून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोनमध्ये असतातच, पण नेमक्या वेळी नेट चालत नाही किंवा बॅटरी उतरते.

३. पासपोर्टची मुदत पाचच महिने उरलीय. चालेल का?

मालदीवच्या इमिग्रेशनची अट किमान एक महिन्याच्या मुदतीची आहे, त्यामुळे नियमाने चालायला हवं. पण परदेशी जायला सहा महिन्यांची मुदत हवी, हा आडाखा विमान कंपन्यांच्या काउंटरवर इतका रुजला आहे की तिथे वाद घालावा लागू शकतो. हातात दोन महिने असतील तर पासपोर्ट नवा करून घ्या. प्रवास आठवड्यावर आला असेल तर विमान कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रत जवळ ठेवा.

मुदतीइतकंच महत्त्व पासपोर्टच्या स्थितीला आहे. फोटोच्या पानावर अगदी खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. मशीन त्याच वाचतं. त्यांवर पाण्याचा डाग असेल किंवा पानाचा थर सुटला असेल, तर मुदत आठ वर्षांची असली तरी पासपोर्ट अडतो. प्रवासाच्या महिनाभर आधी पासपोर्ट कपाटातून काढून उजेडात नीट पाहा.

४. आयमुगा म्हणजे काय? कधी भरायचा?

मालदीव इमिग्रेशनचा हा ऑनलाइन फॉर्म आहे. तो प्रत्येक प्रवाशाचा वेगळा भरायचा, तान्ह्या बाळाचासुद्धा; लहान मुलांचा अर्थातच आईवडील भरतात. पासपोर्टचा तपशील, चेहऱ्याचा फोटो, विमानाचा नंबर, राहण्याचं ठिकाण आणि तब्येतीबद्दल थोडे प्रश्न असतात. फॉर्म पाठवला की क्यूआर कोड मिळतो.

वेळेची अट नीट लक्षात घ्या: विमानाच्या आधीचे ९६ तास. म्हणजे शनिवारी सकाळी दहाचं विमान असेल तर मंगळवारी सकाळी दहानंतर भरायचा. हौसेने पंधरा दिवस आधी भरायला जाल तर उपयोग नाही, आणि रांगेत उभं राहून, एका हातात मूल आणि एका हातात फोन घेऊन भरायचं म्हटलं तर चुका होतात. मी सगळ्यांना आदल्या दिवशी दुपारी, घरी, पासपोर्ट समोर उघडा ठेवून भरायला सांगते. पासपोर्ट नंबरातला शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. भारतीय पासपोर्टच्या नंबरात पहिलं अक्षर आणि पुढे सगळे आकडे असतात, एवढं लक्षात ठेवलं की ती टळते.

आणि हे बहुतेकांना माहीत नसतं: परत निघताना तोच फॉर्म पुन्हा भरायचा असतो, निघण्याच्या आधीच्या ९६ तासांत. शेवटच्या संध्याकाळी रिसॉर्टच्या वायफायवर भरून टाका.

५. आयमुगासाठी एका साइटने कार्डवरून पैसे मागितले. द्यायचे का?

नाही. आयमुगा पूर्ण मोफत आहे. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या साइट नेहमी सरकारी असतात असं नाही. दिसायला तशाच असतात, वर ‘तातडीची सेवा’ म्हणून शुल्क लावतात. खऱ्या साइटच्या पत्त्याचा शेवट डॉट जीओव्ही डॉट एमव्ही असा असतो. पैसे देऊन झाले असतील तरी सरकारी साइटवर स्वतः पुन्हा फॉर्म भरा, कारण त्या मधल्या लोकांनी काय भरलंय याचा भरवसा नाही.

६. पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग आहे, पुढचं तिकडे जाऊन ठरवू. असं चालतं का?

मी तसं करू देत नाही. सगळ्या रात्रींचं पक्कं बुकिंग दाखवता आलं पाहिजे. दोन बेटांवर राहणार असाल, म्हणजे तीन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये आणि दोन रात्री रिसॉर्टवर, तर दोन्ही बुकिंगं छापून घ्या. तारखा एकमेकींना जोडून येतात ना, तेही तपासा. मधली एक रात्र मोकळी राहिली की प्रश्न विचारले जातात. मित्राच्या नावावर सगळ्यांचं बुकिंग असेल तर त्या कागदावर प्रत्येकाचं नाव लिहून मागा. हॉटेलं देतात.

वस्तीच्या बेटावर सरकारी फेरीने जायचं ठरवलं असेल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी त्या फेऱ्या बहुतेक बंद असतात.

७. विमान संध्याकाळी पोहोचतं आणि रिसॉर्टला सीप्लेनने जायचंय. यात व्हिसाची काही अडचण आहे?

व्हिसाची नाही, बुकिंगची आहे. सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. साधारण दुपारी साडेतीननंतर उतरणाऱ्याला त्या दिवशीचं सीप्लेन मिळेलच असं नाही. मग ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेला काढावी लागते, आणि त्या रात्रीचंही बुकिंग कागदांत हवं (प्रश्न ६). मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे आहे, हे हिशोबात धरा. सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा सहसा २० किलो आणि हातातलं ५ किलो असते. विमान कंपनीने ३० किलो दिलेत म्हणून तेवढे भरू नका. जवळच्या बेटांना स्पीडबोट जाते, तिथे ही चिंता नसते.

८. व्हिसा फुकट, मग हा ग्रीन टॅक्स कसला?

तो मुक्कामावरचा कर आहे, प्रवेशाची फी नव्हे. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्ट आणि मोठ्या हॉटेलांत माणशी दिवसाला १२ डॉलर, आणि वस्तीच्या बेटांवरच्या ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये ६ डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. म्हणजे नवराबायको चार दिवस रिसॉर्टवर राहिले तर ९६ डॉलर, लहान गेस्टहाऊसमध्ये ४८.

दुसरी गोष्ट म्हणजे भावापुढची दोन अधिकची चिन्हं. ‘१०० डॉलर प्लस प्लस’ म्हणजे त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर पर्यटनाचा जीएसटी. तो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. हातात येणारं बिल १२८ डॉलर ७० सेंटचं. पॅकेज घेताना ‘सगळे कर धरून का?’ हा एकच प्रश्न विचारा. देश सोडतानाचे कर मात्र विमानाच्या तिकिटातच आलेले असतात, ते वेगळे भरावे लागत नाहीत.

९. लग्न झालंय, पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. हनिमूनला जाता येईल का?

येईल, काहीच अडचण नाही. फक्त तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि आयमुगा, तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव हवं. अक्षर न अक्षर तेच.

हे इतकं ठासून सांगते, कारण एकदा हे डोळ्यांदेखत घडलं. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात. सासरच्यांनी हौसेने त्याच नव्या नावाने तिकीट काढलं होतं: नाव नवं, मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. पासपोर्टवर यातला एकही शब्द नव्हता. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. त्या मुलीच्या हातावरची मेंदी अजून काळीभोर होती आणि ती लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेचा फोटो त्याला दाखवत होती. आमंत्रणपत्रिका हा पुरावा नव्हे. मॅरेज सर्टिफिकेट असतं तरी संपूर्ण वेगळ्या नावाचं तिकीट चाललं नसतं. शेवटी तिचं नवं तिकीट तिथेच, त्या दिवशीच्या भावाने काढावं लागलं.

हनिमूनसाठी पासपोर्टवर नाव बदलायची घाई करू नका. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि जोडीदाराचं नाव पासपोर्टवर असावं अशी मालदीवची अटही नाही. बदलायचंच असेल तर परत आल्यावर सावकाश बदला.

१०. बाळ सात महिन्यांचं आहे. त्याला वेगळा पासपोर्ट लागतो?

लागतो. आईच्या पासपोर्टवर बाळाचं नाव चढवून नेता येत नाही. लहान मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा मिळतो, म्हणून थोरल्या मुलाच्या पासपोर्टची तारीखही याच वेळी पाहून घ्या. मोठ्यांचे दहा वर्षांचे असतात, मुलांचे मध्येच संपलेले कोणाच्या लक्षात येत नाही.

११. मी एकटीच मुलीला घेऊन जातेय, नवऱ्याला सुट्टी नाही. किंवा आजीआजोबा नातवाला नेत असतील तर?

जाता येतं, पण अधिकारी नातं आणि परवानगी विचारू शकतो. बरोबर नसलेल्या पालकाचं संमतीपत्र नोटरी करून घ्या. त्यात प्रवासाच्या तारखा, मूल कोणाबरोबर जातंय आणि पालकाचा फोन नंबर लिहा. जोडीला पालकाच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला. आजीआजोबांबरोबर जात असेल तर दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात. मुलाचं आणि आईचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला हातातच ठेवा. घटस्फोटानंतर मुलाचा ताबा एकाकडे असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत घ्या.

१२. बाबांच्या पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय. त्यांना अडवतील का?

नाही. ईसीआरची (नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणीची) अट ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे. मालदीव त्या यादीतही नाही आणि बाबा नोकरीला जात नाहीत, फिरायला जात आहेत. दहावी न झालेल्या कित्येक वडीलधाऱ्या माणसांच्या पासपोर्टवर हा शिक्का असतो. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही आणि घाबरण्यासारखंही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग त्यांच्या स्वतःच्या हातात असू द्या, म्हणजे कोणी विचारलं तर त्यांना मुलाला शोधावं लागणार नाही.

१३. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. खात्याची परवानगी लागते का?

सरकारी आणि निमसरकारी नोकरीत परदेशी जाण्याआधी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ही मालदीवची अट नव्हे, तुमच्या सेवेची आहे. विमानतळावर हे पत्र मागतीलच असं नाही, पण परत आल्यावर चौकशी लागलेली मी पाहिली आहे. रजेच्या अर्जाबरोबरच परवानगीचा अर्ज द्या आणि पत्र हातात येईपर्यंत रद्द न होणारं तिकीट काढू नका.

कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर तो वेगळाच विषय. तिथे कोर्टाची परवानगी लागू शकते, वकिलांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नका.

१४. आम्ही प्रवासात छोटी गणपतीची मूर्ती जवळ ठेवतो. नेता येईल?

मूर्ती घरी ठेवा. पूजेच्या मूर्ती देशात आणायला मालदीवच्या कस्टम्सची बंदी आहे. विमानतळावरून बाहेर पडताना सामान एक्सरेतून जातं आणि पितळेची एवढीशी मूर्तीही पडद्यावर स्पष्ट दिसते. लोकांना याचं वाईट वाटतं, मला कळतं. पर्सच्या त्या कप्प्यात आईने ठेवलेली, चार देश फिरून आलेली मूर्ती असते. पण त्यांच्या देशाचा कायदा इस्लामवर आधारलेला आहे आणि तिथे आपण पाहुणे आहोत. मनात नाव घ्यायला कोणी अडवत नाही.

गृहप्रवेशाची किंवा लग्नातली भेट तशीच बॅगेत राहिलेली नाही ना, हेही पाहा. आहेरात आलेली चांदीची लक्ष्मी हनिमूनच्या बॅगेत निघालेली मला माहीत आहे. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या यांबद्दल कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

१५. ड्यूटी फ्रीमधून दारू घेतली तर? आणि सिगारेट?

दारू आत नेता येत नाही. मुंबईच्या ड्यूटी फ्रीची सीलबंद बाटलीही नाही. ती कस्टम्सकडे जमा होते, पावती मिळते आणि परत निघताना पावती दाखवून बाटली घ्यायची. पिणाऱ्यांना रिसॉर्टवर दारू मिळते, वस्तीच्या बेटांवर मिळत नाही. तिथे पोहण्याचे कपडेही ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात.

वेप आणि ई-सिगारेट नेऊच नका. नोव्हेंबर २०२४ पासून त्या आणायला बंदी आहे, मग वय काहीही असो. तंबाखूचा नियम त्याहून नवा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही मालदीवमध्ये तंबाखूचे पदार्थ विकत घेता किंवा वापरता येत नाहीत. हा नियम पर्यटकांनाही लागू आहे. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर त्यांना निघण्याआधीच सांगा.

१६. खाऊ आणि औषधं किती नेता येतील?

भाकरवडी, चटण्या, लाडू, मेतकूट असा घरचा शाकाहारी खाऊ लोक नेहमी नेतात. डुकराच्या मांसाचे पदार्थ बंद आहेत. आपल्या बाजूचा एक नियम मात्र अनेकांना अडकवतो: सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. लोणचं आणि पातळ चटणी हातातल्या बॅगेतून काढून टाकतील, ती चेक-इनमध्ये घट्ट बंद करून भरा.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्यांना चिठ्ठी हवीच. मालदीवचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. वैद्यांनी पुडीत बांधून दिलेलं चूर्ण नेऊ नका. तुमच्यासाठी ते त्रिफळा असेल, कस्टम्सच्या माणसासमोर ती नाव नसलेली पूड असते. कंपनीची सीलबंद बाटली घ्या.

१७. रोख किती न्यावी?

भारतातून निघताना भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत आणि परकीय चलनाच्या नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी कार्डवर. पण चार दिवसांच्या सहलीला एवढी रोख लागतच नाही. रिसॉर्टवर सगळा खर्च खोलीच्या बिलात लागतो. वस्तीच्या बेटांवर छोट्या दुकानांत, फेरीला आणि टीपला रोख लागते, तिथे लहान रकमेचे डॉलर उपयोगी पडतात. डॉलर अधिकृत ठिकाणाहून घ्या आणि पावती ठेवा. टूर पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (आगाऊ आयकर) हा खर्च नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

१८. मुलगा अमेरिकन नागरिक आहे, आम्ही भारतीय. एकत्र जातोय. त्याला काय नियम?

नियम पासपोर्टला लागतो, कुटुंबाला नाही. तुम्हाला ९० दिवस, त्याला ३० दिवस, दोघांनाही मोफत. मालेला यात काही अडत नाही. अडतं ते मुंबईला परत येताना. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात येण्याजाण्यासाठी मिळणारं) असेल तर ते मालदीवला बरोबर न्यायलाच हवं, कारण भारतात परत शिरताना तेच दाखवायचं आहे. ‘बेटावर कशाला, हरवेल’ म्हणून ते आजीच्या कपाटात ठेवून गेलेलं कुटुंब मालेच्या चेक-इन काउंटरवर अडकलं होतं.

१९. सून परदेशी आहे, भारताच्या व्हिसावर आलीय. ती आमच्याबरोबर मालदीवला येऊ शकते?

येऊ शकते, पण आधी तिच्या भारताच्या व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे ते पाहा. एकदाच असेल, तर मालदीवला जाण्यासाठी भारत सोडला की तो व्हिसा संपला. चार दिवसांनी परत यायला नवा लागेल, आणि तो बेटावर बसून काढणं फार कठीण. दोनदा किंवा अनेकदा असेल तरच तिकीट काढा. ही तपासणी आम्ही सगळ्यात आधी करतो, कारण इथली चूक पैशाने सुधारत नाही.

२०. आमचे नातेवाईक इस्राएलमध्ये असतात, तिकडून मालदीवला भेटायचं ठरतंय.

एप्रिल २०२५ पासून मालदीवने इस्राएली पासपोर्टवर प्रवेश बंद केला आहे. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबांची घरी मराठी बोलणारी नातेवाईक मंडळी आपल्याकडे पुष्कळांना आहेत, म्हणून हा प्रश्न येतो. त्यांच्याकडे फक्त इस्राएली पासपोर्ट असेल तर भेटीची जागा बदला.

२१. गेल्या आठवड्यात केनियाच्या सफारीवरून आलो. काही वेगळं लागेल?

हो, यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र. केनियासारख्या, तो आजार असलेल्या देशातून येणाऱ्यांना मालदीव ते मागतं आणि भारतही मागतो. सफारीच्या वेळी काढलेलं पिवळं पुस्तक असेलच, तेच पासपोर्टबरोबर ठेवा. ते आयुष्यभर चालतं. नव्याने लस घेतलीत तर ती दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. फक्त भारतातून जाणाऱ्यांना हे लागत नाही.

२२. स्वस्त तिकीट कोलंबोमार्गे मिळतंय. श्रीलंकेचा व्हिसा लागेल का?

एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील, सामान थेट मालेपर्यंत जात असेल आणि तुम्ही विमानतळाच्या आतच थांबणार असाल, तर नाही. दोन वेगळी तिकिटं असतील तर बाहेर येऊन सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. मग श्रीलंकेत प्रवेश केल्यासारखंच झालं आणि त्यांची ईटीए (प्रवेशाची ऑनलाइन परवानगी) घ्यावी लागेल. मुंबईहून थेट विमान तीन तासांच्या आसपास पोहोचतं. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील तर मी थेटच सुचवते.

२३. फिरायला गेल्यावर तिकडेच रिसॉर्टमध्ये नोकरी शोधली तर?

पर्यटक म्हणून घेतलेल्या प्रवेशावर काम करता येत नाही, पगार रोखीत मिळाला तरी. नोकरीची परवानगी मालकाने आधी काढायची असते. ‘आधी टुरिस्ट म्हणून या, मग बघू’ असं सांगणारा एजंट तुमचं नुकसान करतोय. मुलांना असं कोणी सांगितलं असेल तर कृपया थांबवा.

२४. परदेशात व्हिसा नाही आणि आपल्याच लक्षद्वीपला परवाना, हे खरं आहे का?

खरं आहे. लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. छोट्या बेटांवरचा आदिवासी समाज आणि तिथलं नाजूक पर्यावरण जपण्यासाठी तो आहे, आणि मला तो योग्य वाटतो. लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट तर मालदीवच्या इतकं जवळ आहे की तिथली महल भाषा मालदीवच्या दिवेहीचीच बोली आहे. ऐनवेळी ‘मालदीव नको, लक्षद्वीपला जाऊ’ असं ठरवू नका; परवान्याला वेळ लागतो.

२५. तिकडे पासपोर्ट हरवला किंवा समुद्रात भिजला तर?

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. मग मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क करा. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतात. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, दोन फोटो आणि तिकीट हाताशी असलं तर काम लवकर होतं. कार्यालयाच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर एखादा दिवस जास्त राहावं लागेल, विमान कंपनीला लगेच कळवा. प्रमाणपत्रावर परतताना आयमुगाही त्याच कागदाच्या नंबरावर भरा, जुन्या पासपोर्टच्या नाही.

भिजलेला पासपोर्ट ड्रायरने वाळवू नका, पानं वाकतात आणि फोटोच्या पानाचा थर सुटतो. पानांमध्ये टिपकागद किंवा टिशू घालून वजनाखाली ठेवा. बोटीवर जाताना तो खोलीतल्या तिजोरीत ठेवा आणि खिशात फक्त प्रत घ्या.